फ्रेमिंगहॅम रिस्क स्कोअर: एका निवृत्त नर्सबाईचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे. पाचवा का दिला नाही, ते माझ्या धाकट्या भावाच्या एका जुन्या कागदावरून सांगणार आहे. पण आधी वस्तू काय आहे ते सांगते.

येत्या दहा वर्षांत हृदयविकार, पक्षाघात, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा हार्ट फेल्युअर यांपैकी काहीतरी होण्याची शक्यता शंभरात किती, हे सांगणारा हा गुणांचा तक्ता आहे. पैसे लागत नाहीत. इंटरनेटवर आकडे भरले की उत्तर येतं, पण मला कागदावरचा तक्ताच आवडतो. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. वय, एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वरचं बीपी, बीपीची गोळी चालू आहे का, सिगारेट-बिडी ओढता का आणि मधुमेह आहे का. सात प्रश्न. प्रत्येकाला गुण, गुणांची बेरीज, बेरजेसमोर टक्का. चौथीतल्या मुलालाही जमेल. वय ३० ते ७४ असेल आणि आधी हृदयविकार झालेला नसेल, तरच वापरायचा. ज्याला एकदा झटका येऊन गेलाय त्याच्यासाठी हा नाही, त्याला डॉक्टरांच्या गोळ्या आणि नियमित तपासणीच हवी.

मी ३४ वर्षं सांगली जिल्ह्यात आरोग्य सेविका होते. २०१९ साली निवृत्त झाले. गावात मला कुणी नावानं ओळखत नव्हतं, नर्सबाई म्हणूनच हाक. पाऱ्याचं बीपी मशीन खांद्याला अडकवून वस्त्यावस्त्यांवर फिरले. यंदा लेकीकडे अमेरिकेत आलेय, सहा महिन्यांसाठी. ती मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅशलंडला राहते. इथे लक्ष्मीचं देऊळ आहे, आपल्या लोकांची बरीच घरं आहेत. आणि शेजारचं गाव कुठलं, तर फ्रेमिंगहॅम! भाजी आणायला जाताना पहिल्यांदा ती पाटी दिसली तेव्हा मी जावईबापूंना गाडी हळू घ्यायला सांगितलं. प्रशिक्षणात डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलेलं हे नाव मी आयुष्यभर एखाद्या औषधाच्या नावासारखं उच्चारत आले. ते खरंखुरं गाव असेल, तिथे रेल्वे स्टेशन असेल, लोक कुत्री फिरवत असतील, असं कधी मनातच आलं नव्हतं.

तर हा तक्ता या गावानं दिलाय. शब्दशः.

१९४५ च्या १२ एप्रिलला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी ३०० आणि १९० नोंदलेलं आहे. त्याआधी काही वर्षं ते वाढतच होतं, पण त्या काळी वाढलेल्या बीपीवर करण्यासारखं डॉक्टरांच्या हातात फारसं नव्हतं, आणि ते धोक्याचं आहे हेही सगळ्यांना पटलेलं नव्हतं. वय वाढतं तसं बीपी वाढायचंच, असा समज. हा समज मी स्वतः पाहिलाय. १९८५ मध्ये मी नोकरीला लागले तेव्हाही जुनी माणसं सांगायची, 'शंभर अधिक वय, एवढं बीपी चालतं.' साठीच्या म्हातारीचं १६० भरलं तरी आम्ही 'बरं आहे' म्हणून पुढच्या घरी जायचो. आज हे लिहिताना त्या म्हाताऱ्या एकेक करून डोळ्यासमोर येतात.

१९४८ मध्ये अमेरिकेत हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रेमिंगहॅममध्ये पहिली तपासणी झाली. तेव्हा हे साधारण २८ हजार वस्तीचं, कारखान्यांचं गाव होतं. इथल्या लोकांना असल्या कामाची ओळखही होती, कारण १९१७ पासून काही वर्षं याच गावात क्षयरोगाचा मोठा सामुदायिक प्रयोग झाला होता. हृदयाच्या अभ्यासात ५,२०९ माणसं आली. ज्यांना हृदयविकार झालेला नाही अशी, तिशीपासून साठीपर्यंतची. त्यांत २,८७३ बायका होत्या. पुरुषांपेक्षा जास्त! हृदयविकार हा कर्त्या पुरुषाचा आजार समजला जायचा, त्या काळात एवढ्या बायकांना यात घेतलं, याचं मला फार मोल वाटतं. आमच्या शिबिरांना बायका यायच्या त्या पोरांच्या लशीसाठी. 'तुमचं बीपी बघू' म्हटलं की 'माझं कशाला बाई, यांचं बघा' म्हणून नवऱ्याला पुढे करायच्या.

दर दोन वर्षांनी तपासणी. उपचार नाहीत, फक्त नोंद. काही आढळलं तर त्या माणसाच्या घरच्या डॉक्टरांना कळवायचं. आणि मग वाट पाहायची, की यांतल्या कुणाला पुढे झटका येतो आणि त्याच्या जुन्या नोंदीत काय वेगळं होतं. मी नोंदवह्या भरलेली बाई आहे. एका गावात सहा महिने नोंदी सलग ठेवणं किती अवघड जातं ते मला विचारा. माणसं ऊसतोडीला जातात, मुली सासरी जातात, म्हातारी माणसं 'परवाच तर बघितलं की' म्हणून हात मागे घेतात. इथे डॉ. थॉमस डॉबर, त्यांच्यानंतर डॉ. विल्यम कॅनेल आणि पुढे डॉ. विल्यम कॅस्टेली यांच्या हाताखाली हे काम दशकानुदशकं चाललं. १९६१ मध्ये कॅनेल, डॉबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निबंध लिहिला: वाढलेलं बीपी, वाढलेलं कोलेस्टेरॉल, ईसीजीत दिसणारी हृदयाच्या डाव्या कप्प्याची जाडी, ही ज्यांच्यात आढळली त्यांना हृदयविकार जास्त झाला. 'रिस्क फॅक्टर' हा शब्द आज रिक्षावालाही वापरतो, तो डॉक्टरांच्या तोंडी या कामामुळे रुळला. 'शंभर अधिक वय' खोडून काढायलाही याच नोंदी कामी आल्या. वरचं बीपी महत्त्वाचं, म्हातारपणीही महत्त्वाचं, हे इथल्या माणसांनी दंड पुढे करून सिद्ध केलं.

१९७१ मध्ये त्यांची मुलं आणि मुलांचे जोडीदार आले, ५,१२४ जण. २००२ पासून नातवंडं. लेकीच्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात, आजोळ इटलीकडचं. अंगणात टोमॅटो लावताना आमची खुणांनीच ओळख झाली. लेकीनं मध्ये बसून बोलणं करून दिलं तेव्हा कळलं की त्यांचे आई-वडील दोघंही पहिल्या तुकडीत होते आणि त्या स्वतः दुसऱ्या. मी त्यांचा हात हातात घेतला आणि लेकीला म्हटलं, 'त्यांना सांग, यांच्या आईच्या बीपीवरून मी माझ्या गावातल्या बायकांना गोळ्या चालू करायला दवाखान्यात पाठवलंय.' लेकीनं सांगितलं. त्या बाईंना ते नीट कळेपर्यंत थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, आईला तपासणीच्या दिवशी नवा ब्लाउज घालून जायची सवय होती.

आता तक्त्याकडे. मी वापरते तो २००८ सालचा आहे. ८,४९१ माणसांच्या नोंदींवरून बनवलेला, त्यांतल्या १,१७४ जणांना पुढे काही ना काही झालं. माझे स्वतःचे आकडे असे: वय ६४, एकूण कोलेस्टेरॉल २०८, एचडीएल ४६, गोळी चालू असताना वरचं बीपी १३४, मधुमेह नाही, धूम्रपान नाही. वयाचे ९, कोलेस्टेरॉलचे ३, एचडीएलचे ०, बीपीचे ३. बेरीज १५. टक्का १३.७. म्हणजे माझ्यासारख्या शंभर बायकांत तेरा-चौदा जणींना दहा वर्षांत काहीतरी होणार. मध्यम धोका.

त्याच तक्त्याशेजारी 'हृदयाचं वय' असा एक रकाना आहे. १५ गुणांपुढे तिथे लिहिलंय, ८० च्या वर. लेकीचा चेहरा उतरला. तिला समजावलं की याचा अर्थ माझं हृदय ऐंशीचं झालं असा नाही. ज्या बाईचं बीपी, कोलेस्टेरॉल सगळं चांगलं आहे, तिला माझ्याएवढा धोका यायला ऐंशी ओलांडावी लागेल, एवढाच अर्थ. ही कल्पना शिबिरात उपयोगी पडते. 'तेरा टक्के' म्हटलं की माणूस 'सत्त्याऐंशी टक्के पास' असं ऐकतो, 'तुमचं हृदय तुमच्या वयाच्या पुढे पळतंय' म्हटलं की खुर्ची पुढे ओढतो. पण ते समोर बसून सांगणारं माणूस पाहिजे. एकट्यानं रात्री मोबाइलवर बघू नये.

वापरताना खटकेल अशी आणखी एक गोष्ट. तेच बीपी असलं तरी गोळी घेणाऱ्याला जास्त गुण. १३४ बीपी बिनगोळीचं असतं तर मला १ गुण, गोळीमुळे ३. गावातला कुठलाही शहाणा माणूस लगेच म्हणेल, 'मग गोळी बंद करतो की!' हे मी कानांनी ऐकलेलं वाक्य आहे, दुसऱ्या संदर्भात का होईना. खरा हिशोब असा: गोळी चालू व्हायच्या आधी माझं बीपी १६० च्या वर होतं. त्याला बिनगोळीच्या रकान्यात ५ गुण आहेत. गोळीनं दोन गुण कमी केले. आणि गोळीवाल्याला थोडे जास्त का, तर त्याच्या रक्तवाहिन्यांनी आधी बरीच वर्षं तो दाब सोसलेला असतो, तो हिशोबातून पुसला जात नाही. तक्त्यावर हे कुठेच लिहिलेलं नाही. लिहायला हवं.

बाकी तक्ता प्रामाणिक आहे. पुरुषाला धूम्रपानाचे ४ गुण, मधुमेहाचे ३. बायकांना उलटं, मधुमेहाचे ४ आणि धूम्रपानाचे ३. एवढी एकच ओळ दाखवून मी मधुमेही बायकांना गोळ्या वेळेवर घ्यायला लावेन. रक्त तपासायची सोय नसेल तर कोलेस्टेरॉलऐवजी उंची-वजनावरून काढलेला बीएमआय घालायचीही एक आवृत्ती आहे. उपकेंद्रात तीच चालेल.

आणि आता तो कागद.

माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला बाळू म्हणायचो, तासगावला खत-बियाण्यांचं दुकान चालवायचा. आमचे वडील ५१ व्या वर्षी छातीत दुखून गेले होते. २००९ च्या उन्हाळ्यात एका तपासणी शिबिरात मी बळेच बाळूला नेलं. बीपी मी माझ्या हातानं घेतलं, १२८ आणि ८४. रक्ताचा कागद चार दिवसांनी आला: कोलेस्टेरॉल १९६, एचडीएल ३८, साखर ठीक. मी म्हटलं, छान आहे. दिवाळीच्या आधी पहाटे त्याला छातीत जळजळायला लागलं. पित्त झालंय म्हणून तो थंड दूध पिऊन बसून राहिला. दुकानाच्या गाडीतून मिरजेच्या वाटेवर असतानाच तो गेला. वय ४३.

हा तक्ता त्याच्या आदल्याच वर्षी छापून आला होता, पण मला तो खूप उशिरा मिळाला. मिळाला तेव्हा मी आधी स्वतःचे नाही, बाळूचे आकडे घातले. वयाचे ५, कोलेस्टेरॉलचा १, एचडीएलचा १, बीपी ०, मधुमेह ०. धूम्रपान? बाळूनं आयुष्यात बिडी ओढली नाही. शून्य. बेरीज ७. टक्का ५.६. कमी धोका.

तो दिवसभर तंबाखू खायचा. डाव्या तळहातावर चुना लावून मळायची, थाप मारायची आणि गालात धरायची. दुकानाच्या गल्ल्यात पैशांशेजारी पुडी. हा प्रश्न तक्त्यात नाही. वडील हृदयविकारानं ५१ व्या वर्षी गेले, हाही प्रश्न नाही.

म्हणून एक तारा कमी. तक्ता चुकला असं मी म्हणत नाही. ५.६ म्हणजे शंभरातले पाच-सहा, आणि पाच-सहांत कुणीतरी असतंच. पण मला वाटतं बाळू त्या शंभरातला नव्हताच. ती शंभर माणसं फ्रेमिंगहॅमची होती, जवळजवळ सगळी युरोपीय वंशाची, आणि तिथे कुणी तंबाखू मळत नव्हतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास. त्याच अभ्यासात तंबाखू खाणाऱ्यांचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. ब्रिटनमध्ये आपल्या लोकांसाठी फ्रेमिंगहॅमचा आकडा १.४ नं गुणायला सांगायचे, पुढे त्यांनी क्यूरिस्क नावाचा स्वतःचाच हिशोब केला, त्यात वंशही विचारतात आणि घरातला हृदयविकारही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये प्रत्येक भागासाठी वेगळे तक्ते काढले, दक्षिण आशियाचा त्यात आहे. पण तंबाखू खाणाऱ्याला तिथेही रकाना नाही, फक्त ओढणाऱ्याला.

फ्रेमिंगहॅमच्या लोकांनाही ही उणीव कळलेली होती. १९९४ मध्ये त्यांनी ऑम्नी नावाची वेगळी तुकडी घेतली, ५०७ जणांची: कृष्णवर्णीय, स्पॅनिश भाषिक, आशियाई, भारतीय. इथल्याच गावांतले. २०१० पासून शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फक्त दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांचा मसाला नावाचा अभ्यास चालू आहे. आणि आपल्याकडे पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आया आणि त्यांच्या पोटातल्या बाळांपासून नोंदी ठेवल्यात. दिसायला बारीक, पण अंगात चरबी जास्त, असं आपलं बाळ जन्मतःच असतं, हे तिथूनच जगाला कळलं. अशी गावं आपल्याकडे आणखी हवीत. पन्नास वर्षं टिकणारी, सरकार बदललं तरी पैसा न आटणारी. मी आणि माझ्यासारख्या हजारो बायकांनी ज्या नोंदवह्या भरल्या, त्या गोदामात उंदरांनी खाण्यासाठी भरल्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र अभिमानानं सांगते. निवृत्तीच्या आधी एक-दोन वर्षं आमच्या आशाताईंना घरोघर सीबॅक फॉर्म भरायचं काम आलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा. तेव्हा आम्ही सगळ्या कुरकुरलो, आणखी एक फॉर्म म्हणून. त्यात रक्ताचा एकही आकडा नाही. वय, तंबाखू (ओढता किंवा खाता, दोन्ही), रोज दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, आणि आई-वडील किंवा भावंडांत बीपी, मधुमेह, हृदयविकार आहे का. ४ च्या वर गुण गेले की आधी तपासणीला पाठवायचं. त्यावर मी बाळूला बसवून पाहिलं. वयाचा १, रोजची तंबाखू २, कमर साधारण ९४ सेंटिमीटर म्हणून १, दिवसभर गल्ल्यावर बसून म्हणून १, वडील म्हणून २. बेरीज ७. आशाताईच्या पिशवीतल्या साध्या कागदानं तो पहिल्या रांगेत उभा केला असता. हा फॉर्म फक्त कुणाला आधी तपासायचं ते सांगतो, दहा वर्षांचा धोका सांगत नाही, तेव्हा दोघांची तुलना तशी न्याय्य नाही. पण दोन्ही एकत्र वापरावेत असं माझं ठाम मत आहे.

गेल्या मंगळवारी माउंट वेट अ‍ॅव्हेन्यूवर त्या अभ्यासाच्या इमारतीसमोर आम्ही गाडी थांबवली. बाहेरून काही विशेष नाही. कुठलंही ऑफिस असावं तशी. मी उतरून नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले.

मी छापून घेतलेल्या तक्त्याखाली पेनानं दोन ओळी वाढवल्यात. 'तंबाखू, मावा, गुटखा, मिसरी?' आणि 'घरात कुणाला, कितव्या वर्षी?' त्यांना गुण नाहीत. यांपैकी एकालाही 'हो' असेल तर टक्का कितीही कमी निघाला तरी 'छान आहे' म्हणायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं.

परवा रात्री, म्हणजे तिकडे सकाळी, बाळूच्या मुलाला फोन लावला. ३७ वर्षांचा आहे, दुकान आता तोच बघतो. रक्ताचा कागद हातात घेऊन बसायला आधीच सांगितलं होतं. कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३६, बीपी १३२, गोळी नाही, साखर नाही, बिडी नाही. सहा गुण. 

'आत्या, चार पॉइंट सात टक्केच आहे की,' तो हसत म्हणाला.

मी म्हटलं, 'तुझ्या बाबांचं पाच पॉइंट सहा होतं.'

बराच वेळ तो काही बोलला नाही. मागे दुकानात कुणीतरी युरियाचा भाव विचारत होतं. मग त्यानं विचारलं, डॉक्टरांकडे कधी जाऊ. सोमवारी जातोय. पुडीचं मी त्याला अजून विचारलेलं नाही, सोमवारी रात्री पुन्हा फोन करणार आहे.